नळीवरचं बोट

सर्जेरावाच्या नातवाच्या जावळाची पंगत बसली होती. दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरत होतं आणि पंगतीच्या बरोबर मध्यावर आमचा हिंदुराव, एका हातात पुरी आणि दुसऱ्या हातात दम्याचा पंप घेऊन, आपण मरणाच्या दारातून कसे परत आलो ते सांगत होता. गावानं ही हकिगत इतक्या वेळा ऐकली होती की कुठं 'अरारा' म्हणायचं आणि कुठं नुसती मान हलवायची, हे वाढप्यांनाही पाठ झालं होतं.

हिंदुराव माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणायचे. एकेरीवर मी पुढं आले.

"पोटात इख, डोळ्यांम्होरं अंधार," तो सांगत होता, "आन म्या डाक्टरला म्हनलं, वाचलो तर गावासाठी, न्हाई वाचलो तर..."

इथं त्याला श्वासासाठी थांबावं लागलं. श्वास आत जाताना शिट्टी वाजली. फटीतून वारा शिरावा तशी, लांब आणि बारीक. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सर्जेरावानं घशातून हुंदका काढला. सर्जेराव म्हणजे हिंदुरावाची सावली. हिंदुराव शिंकला तर हा नाक पुसायचा.

झालं होतं असं. दूध सोसायटीच्या निवडणुकीत हिंदुरावाला आनंदा डांग्यानं पाडलं. निकालाच्या दिवशी, भर दुपारी, सोसायटीच्या दारात हिंदुराव पिकावर फवारायचं औषध प्याला. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात पंधरवडाभर त्याच्या तोंडातून घशात नळी होती आणि नळीला श्वासाचं मशीन. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, गिरणी मी चालवायची आणि राजकारण त्यानं करायचं, अशी आमची वाटणी होती. त्याच्याबद्दल मला फार काही वाटायचं थांबून जमाना झाला होता. पण त्या बाकावर मला त्याची कीव आली. लाजेनं जीव द्यायला निघाला म्हणजे या माणसात कुठंतरी खोल लाज शिल्लक आहे, असं मला वाटलं. एवढ्या भांडवलावर मी त्याची पुढची शुश्रूषा केली.

तो घरी आला, हिंडाफिरायला लागला, आणि महिन्याभरानं ही शिट्टी सुरू झाली. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग बसल्या जागी. गावातले डॉक्टर उपळेकर म्हणाले, "दमा आहे. घराण्यात असेल."

"घराण्यात कुणालाच नाही," मी म्हटलं.

"मग तुमच्या गिरणीच्या पिठामुळं."

म्हणजे दमा ठरलेलाच होता, फक्त त्याला कारण चिकटवायचं राहिलं होतं. त्यांनी पाठीवर दोन ठिकाणी तपासायची नळी टेकवली, तीही शर्टावरून, आणि पंप लिहून दिला. हिंदुराव पंपावर खूश झाला. चारचौघांत खिशातून काढून ओढता येईल अशी वस्तू होती ती.

त्या पंगतीत त्यानं तो ओढला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शिट्टी बारीक होत होत थांबली, आणि शिट्टीबरोबर श्वासही. मानेच्या शिरा ताठरल्या. ओठ जांभळे पडले. हिंदुराव पत्रावळीवर आडवा झाला.

"सायब! सायब!" सर्जेराव ओरडायला लागला. बाकीचे उठून उभे राहिले आणि कोण काय करतंय ते बघत राहिले. जीप मीच बोलावली. पायांकडून मी धरलं, डोक्याकडून आचाऱ्यानं.

ग्रामीण रुग्णालयातल्या मेडिकल ऑफिसरांनी तोंडातून नळी घालायचा प्रयत्न केला. ती मध्येच अडली. "खाली वाटच नाहीये," ते पुटपुटले, आणि लगेच त्यांनी गळ्याला पुढून छेद दिला. रक्त आलं, फुस्स करून हवा आत गेली, आणि निळा पडलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर परत माणसाच्या रंगाचा झाला. ते डॉक्टर भिंतीला टेकले. या सगळ्या प्रकरणात मी ज्यांना मनापासून नमस्कार केला अशी दोनच माणसं आहेत. त्यातले हे पहिले.

दुसऱ्या मुजावर मॅडम. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टर. बाई किरकोळ, आवाज कोरडा. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि मला बोलावून घेतलं.

"दम्याचं औषध कोणी दिलं?"

मी सांगितलं.

"दम्यात शिट्टी श्वास सोडताना वाजते. यांची घेताना वाजत होती. गळ्याजवळ कान नेला असता तरी कळलं असतं." त्यांनी हात धुतले. "मशीनला जोडतात ना, त्या नळीच्या घशातल्या टोकाला एक छोटा फुगा असतो. हवा बाजूनं निसटू नये म्हणून. तो जास्त फुगला किंवा फार दिवस राहिला की श्वासनलिकेची आतली कातडी दाबून मरते. मग ती जखम भरते, आणि भरता भरता आवळत जाते. पिशवीचं तोंड नाडीनं ओढावं तशी."

"मग फुगा कमी फुगवायचा होता."

"दाब मोजायचं यंत्र असतं. छोटंसं असतं. पुष्कळ दवाखान्यांत नसतं, आमच्याकडंही परवापरवापर्यंत नव्हतं. बोटानं चाचपून ठरवतात." त्यांनी हात पुसले. "त्यांनी जीव वाचवला, हे विसरू नका. पण पाठवताना एक वाक्य सांगायला हवं होतं, की पुढं दम लागला तर घसा दाखवा. वाक्याला यंत्र लागत नाही."

मॅडमनी त्याला भूल देऊन, तोंडातून लहानमोठ्या सळ्या घालून ती अरुंद जागा रुंद केली. असं दोन-तीनदा करावं लागलं. त्यांच्याकडं दुर्बीण एकच होती, ती बिघडली की सगळा वॉर्ड खोळंबायचा. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "हे तात्पुरतं आहे. डाग परत आवळणार. खरा इलाज म्हणजे तेवढा तुकडा कापून काढायचा आणि वरची-खालची नळी एकमेकींना जोडायची. ते काम मला एकटीला जमणार नाही. पुण्याचे एक सर्जन मध्येमध्ये येतात, त्यांच्याबरोबर करू."

तोवर गळ्यातली नळी राहणार होती, आणि ती सांभाळायची होती मी.

त्या नळीत सतत चिकट बेडका साठतो. तो ओढून काढायला दवाखान्यानं पायानं दाबायचा पंप दिला, कारण आमच्याकडच्या विजेचा भरवसा नव्हता. पाय पंपावर, हात नळीवर, आणि डोळे त्याच्या ओठांच्या रंगावर. उकळलेलं पाणी, स्वच्छ फडकी, नळीच्या तोंडावर ओलसर कापड. मिरचीचा कण जरी आत गेला तरी त्याला फेफरं आल्यागत खोकला यायचा, म्हणून मी मिरची कांडप बंद केलं. पिठाची गिरणी तेवढी ठेवली आणि त्याची खाट लांब, गोठ्याच्या बाजूला नेली.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, अंगणात बसून, माझ्याकडं बोट दाखवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "ह्या बयेनं माज्या लेकाच्या गळ्याला भोक पाडलं." पण पंप दाबायला या म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे. सर्जेराव रोज यायचा, उंबऱ्याच्या आत मात्र यायचा नाही. बेडक्याचा आवाज आला की त्याला मळमळायचं. लोकांना आणायचं काम तो झकास करायचा. तालुक्याचे पुढारी, भजनी मंडळ, कुठल्या कुठल्या पाव्हण्यांची वरात. सगळे नळीकडं बघायचे, हळहळायचे आणि माझ्या हातचा चहा पिऊन जायचे.

मॅडमनी वाट रुंद केल्यापासून नळीवर बोट ठेवलं की हवा वरच्या वाटेनं जायची आणि हिंदुरावाला आवाज फुटायचा. चिरका, पण आवाज. हे कळल्यावर माणूस दिवसभर गळ्यावर बोट ठेवून बसायला लागला. महिनाभर मुका राहिल्यानं त्याच्यात काही साठलं असेल, असं मला वाटलं होतं. काही नव्हतं. तीच सोसायटी, तोच आनंदा.

पुण्याच्या सर्जनची तारीख ठरली. आणि त्याच सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं गेलो होतो. हिंदुराव, मी आणि बोलावलेलं नसताना सर्जेराव. हिंदुरावानं गळ्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, आपरेशन मतदान झाल्यावर करू."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. "का?"

"जनतेचा आग्रो हाय."

"जनतेला तुमच्या गळ्यातली नळी कशाला हवी आहे?"

सर्जेराव पुढं सरसावला. "सहानुभूती म्हनत्यात ना मॅडम, ती. सायबांना बगितलं की बायामान्सं रडत्यात. नळी काडली तर मग... म्हंजे बगा, नळी हेच आमचं चिन्न झालंय म्हना की."

मॅडमनी त्या दोघांकडं पाहिलं. पायताणाला काहीतरी चिकटल्यावर माणूस जसं बघतो तसं.

"हिंदुराव, आज आवाज येतोय म्हणून तुम्हाला वाटतंय की बरं आहे. तो डाग तुमच्या मतदानाची वाट बघत थांबणार नाही."

"आवळंल तवा बगू."

"या तारखेसाठी भूलतज्ज्ञ, मशीन, खाट, सगळं मी गोळा करून ठेवलंय. मला परत केव्हा जमेल ते माहीत नाही."

"गावापुडं जीव काय चीज हाय," हिंदुराव म्हणाला. हे त्यानं अशा थाटात म्हटलं की सर्जेरावाचे हात आपोआप टाळीसाठी वर आले. मॅडमचा चेहरा बघून ते परत खाली गेले.

मॅडमनी दाराकडं हाक मारली. "सिस्टर, त्या बाळंतिणीला आत घ्या." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाळंतपणात झटके आले म्हणून मशीनवर होती. तिलाही हेच झालंय. तारीख वाया जाणार नाही." आणि त्या दोघांना त्यांनी हातानंच जायला सांगितलं. आत एक फिकट पोरगी आली, कडेवर तान्हं, गळ्यात तशीच नळी. सर्जेरावानं तिच्यापासून अंग चोरलं.

प्रचाराची मोठी सभा बाजाराच्या दिवशी, शाळेच्या मैदानात ठेवली होती. आदल्या दिवशी हिंदुराव मला म्हणाला, "मालन, तू व्यासपीठावर पायजेस. माजा एक हात माइकला लागतो, दुसरा बोलताना हलवायला लागतो. बोट तू ठेव."

"तुमच्या दोन हातांत ते बसत नाही का?"

"बसतं गं. पर लोकान्ला दिसूं दे की. बायको म्हंजे कशी असावी."

मी गेले. का गेले, तर त्याला खोकला आला असता तर पंप दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हता. पंप मी पिशवीतून नेला होता आणि मांडवाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ ठेवला होता. तिथंच मला सर्जेराव भेटला. पुढं भोंग्यातून गाणी चालू होती, मैदान भरलं होतं, आणि सर्जेराव आनंदानं नुसता फुलून गेला होता. अशा वेळी त्याच्या तोंडाला बांध राहत नसे.

"वैनी, बगितली का गर्दी? ह्ये समदं माज्यामुळं."

"कसं काय?"

"म्या उशीर केला म्हनून!" तो हसला, आणि मांडवाकडं एकदा बघून जवळ आला. "तुमास्नी आता काय चोरून ठेवायचं. त्या दिशी सोसायटीच्या दारात ठरलं हुतं काय, सायबांनी बाटली तोंडाला लावायची आन म्या झडप घालून हिसकायची. नुसतं वटाला लागूस्तवर. मंग बोंबाबोंब करायची, फेरमोजनी मागायची, आनंदाची अब्रू काडायची. पर म्या टपरीवर पान लावाया थांबलो, आन सायब बसले माजी वाट बगत, बाटली तोंडाला लावून. मानसं बगायला लागली, तवा खाली तरी कशी ठेवायची? घोट ग्येला पोटात." त्यानं मांडीवर थाप मारली. "त्या टायमाला म्या लई भ्यालो. पर बगा, दैवानं कसं चांगलं क्येलं. नुसती हिसकली असती तर यवडी सहानुभूती मिळाली असती का?"

"हे ठरलं होतं," मी म्हटलं. "त्यांना माहीत होतं."

"आवं, त्यांचीच तर कल्पना!"

भोंग्यातलं गाणं थांबलं आणि हिंदुरावाचं नाव पुकारलं गेलं.

मी व्यासपीठावर गेले. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि नळीवर बोट ठेवलं. नळीतून येणारी ऊब बोटाला लागली. इतके महिने ती ऊब लागली की मला बरं वाटायचं, की चालू आहे, श्वास आहे. त्या दिवशी किळस आली.

"माज्या बंदू आन भगिनीनो," हिंदुराव म्हणाला, आणि त्याचा चिरका आवाज भोंग्यांतून साऱ्या मैदानावर पसरला. "मी जास्त बोलनार न्हाई. ह्यो माजा गळाच बोलंल. मला कुनी इचारलं, हिंदुराव, तुमी इख का प्यालासा? म्या म्हनलं, लाजेनं! माज्या गावात खोट्याचा इजय झाला, ती लाज माज्या काळजाला सोसली न्हाई. ज्याच्यात लाज हाय, त्योच—"

मी बोट काढलं.

भोंग्यांतून नुसती हवा आली. फुस्स. मग परत फुस्स. त्याचे ओठ हलत राहिले, उजवा हात हवेत तसाच उगारलेला राहिला, आणि चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही, कारण आपला आवाज गेला हे त्याला भोंगा गप्प झाल्यावर कळलं. त्यानं माझं मनगट पकडलं आणि गळ्याकडं ओढलं. मी हात सोडवून पाठीमागं नेला.

मैदानात गलका झाला. "मारलं, मारलं! बाईनं नवऱ्याचा श्वास बंद केला!"

त्या हजारभर माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नाही की नळीवरचं बोट काढलं की श्वास जात नाही, उलटा मोकळा होतो. जातो तो फक्त आवाज.

हिंदुरावानं माइक टाकला आणि स्वतःचं बोट नळीवर दाबलं, पण तोवर त्याला रागानं खोकला सुटला होता. बेडका उसळून त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर आला. सर्जेराव धावत व्यासपीठावर चढला आणि दोन हातांच्या अंतरावर येऊन थबकला.

"सर्जेराव," मी म्हटलं, "निदान आज तरी वेळेवर ये. ठेव बोट."

हे फक्त आम्हा तिघांना कळलं. सर्जेरावानं सदऱ्यावरचा बेडका पाहिला, तोंडावर रुमाल धरला आणि मागं सरला. पंप मी आणला. घसा साफ करून दिला, त्याचा श्वास नीट लागला हे पाहिलं, आणि खाली उतरून पायी घरी आले. वाटेत कुणीतरी माझ्यावर खडा मारला. लागला नाही.

पुढच्या दिवसांत हिंदुराव माझ्याशी बोलला नाही. मग बोलूच शकेना. डाग मॅडमनी सांगितल्याप्रमाणं आवळत गेला होता. नळीवर बोट ठेवलं की आवाजाऐवजी त्याचे डोळे बाहेर यायचे. मुका हिंदुराव सर्जेरावाच्याही कामाचा नव्हता. शेवटी तो स्वतःच पिशवी भरून माझ्यासमोर उभा राहिला आणि दवाखान्याच्या दिशेनं बोट दाखवलं.

मला लोक विचारतात, तेव्हा तरी का गेलीस. त्या गळ्यावर माझं वर्ष गेलं होतं. तो गळा कुणाचा आहे याच्याशी मला देणंघेणं उरलं नव्हतं, पण केलेलं काम मातीत जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही.

मॅडम एका शब्दानंही टोचून बोलल्या नाहीत. त्या बाळंतिणीचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, ती बाळाला घेऊन चालत घरी गेली, एवढं मात्र त्यांनी हिंदुरावाला ऐकू जाईल असं मला सांगितलं. सर्जन पुढच्या खेपेला आले. खाट मिळाली. ऑपरेशनला अख्खी सकाळ गेली.

मी आत गेले तेव्हा गळ्यात नळी नव्हती. पण हिंदुराव विचित्र दिसत होता. त्याची हनुवटी जाड दोऱ्यानं छातीला शिवून टाकली होती.

"कापून जोडलेली नळी ताणली जाऊ नये म्हणून," मॅडम म्हणाल्या. "मान जराशी वर केली तरी आतला जोड उसवेल. आठवडाभर अशीच खाली राहायला हवी."

आठवडाभर हिंदुराव मान खाली घालून बसला. भेटायला आलेले म्हणायचे, "किती खचला बिचारा." शरमेनं खाली गेलेली मान आणि दोऱ्यानं ओढलेली मान यांत बघणाऱ्याला फरक दिसत नाही. मी मात्र रोज त्याला चमच्यानं भरवत होते, आणि वाट बघत होते. कशाची, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

एका दुपारी वॉर्डात सामसूम असताना त्यानं कुजबुजत विचारलं, "बोट का काडलंस?"

"सर्जेरावानं सांगितलं मला. बाटलीचं."

मी चमचा खाली ठेवला. मला त्याचे डोळे दिसत नव्हते, नुसती टाळू दिसत होती. मला वाटलं, आता बोलेल. काय बोलावं अशी माझी अपेक्षा होती, देव जाणे. एखादा शब्द पुरला असता.

"नुसती वटाला लावायची ठरली हुती," तो म्हणाला. "पोटात ग्येलं ती सर्ज्याची चूक."

मी वाटी धुऊन ठेवली. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणं त्याच्या पाठीला उशा लावल्या. टाका तोडायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंना गावातून बोलावून घेतलं, त्यांना कॉटशेजारी बसवलं आणि मॅडमच्या पाया पडले. मॅडमनी पाय मागं घेतले.

"कुठं जाताय?"

"बहिणीकडं, निपाणीला. तिथंच काहीतरी बघेन."

"टाका तुटेपर्यंत थांबला असता."

"टाका तुमचा आहे, मॅडम. तुम्हीच तोडा."

त्यांनी हसू दाबलं. माझ्या बहिणीच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर मी सिस्टरांकडं देऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडं फोन आला. ग्रामपंचायतीचं मतदान आम्ही दवाखान्यात असतानाच झालं होतं, आणि मतमोजणी त्या दिवशी सकाळीच.

"तोडला टाका," मॅडम म्हणाल्या. "जोड घट्ट आहे. मान वर केली त्यांनी, हळूहळू. श्वास दोन्ही बाजूंनी साफ, शिट्टी नाही. आवाज तर असा खणखणीत आलाय, मला स्वतःला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, आता काहीतरी बोला बघू."

"काय म्हणाले?" मी विचारलं. आणि मग, का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मी कुठं आहे, असं?"

पलीकडं कुणीतरी मॅडमना हाक मारली, त्याला त्यांनी थांबवलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मतं किती पडली, असं विचारलं."

"पडला ना?"

"निवडून आलेत. भरघोस. बायकोनं भर सभेत श्वास बंद केलेला माणूस म्हणून बायकांनी ढिगानं मतं दिली म्हणे. सर्जेराव पेढे घेऊन आला, वॉर्डभर वाटत फिरत होता. हार घालताना मानेला हिसका बसला तर जोडाला धक्का लागेल, म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढलंय."

शेजारीण दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती.

"मॅडम, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत," मी म्हटलं, "आणि बघा कुणावर वाया गेली."

"माझी मेहनत नळीवर होती, बाई," मुजावर मॅडम म्हणाल्या. "नळी उत्तम आहे."